ड्रिप फीडमध्ये मशीन अडखळतं, कंट्रोलची मेमरी भरते: दोष कुठे शोधायचा आणि काय करायचं

सीएनसी मशीनच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, मोठा प्रोग्राम मावत नाही, तेव्हा तो बाहेरच्या कॉम्प्युटरवरून केबलने थोडा थोडा पाठवत चालवतात. यालाच ड्रिप फीड म्हणतात. मोल्डच्या फिनिशिंगला प्रोग्रामात फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, मिनिटाला २००० मिमी दिलेला असतो, पण स्क्रीनवर प्रत्यक्ष फीड २०० ते ३०० च्या आसपासच घुटमळतो. टेबल सलग सरकत नाही. चालतं, थबकतं, पुन्हा चालतं. जॉबवर हात फिरवला की थबकल्याच्या जागी बारीक खुणा बोटाला लागतात. कधी अर्ध्या पासवर ०८५ किंवा ०८६ अलार्म येतो आणि मशीन उभं राहतं. शेजारच्या मशीनवर तक्रार वेगळी: नवा प्रोग्राम लोड करताना ०७० अलार्म, म्हणजे मेमरीत जागा नाही. मग जुने प्रोग्राम पुसायचे, नवा भरायचा, आणि पुसलेला जॉब परत आला की त्याचा प्रोग्राम शोधत बसायचं.

वरून बघितलं तर ही वेगवेगळी दुखणी वाटतात. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: कॅममधून, म्हणजे टूलचा रस्ता आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, निघणारे प्रोग्राम कित्येक पटींनी मोठे झाले आणि कंट्रोलमधली जागा जुन्या मापाचीच राहिली. यावर सर्रास दोन तोडगे काढले जातात. एक तर फीड कमी करून पास कसाबसा पूर्ण करायचा, नाही तर प्रोग्रामचे तुकडे करून एकेक भरायचा. दोन्हींत जॉब निघतो, पण स्पिंडलचा वेळ वाया जातो आणि तुकड्यांमध्ये तर अपघाताची शक्यताही वाढते. त्याऐवजी आधी नेमकं काय कमी पडतंय ते ओळखावं आणि मग खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. कारण मेमरी वाढवून सुटणारे प्रश्न आहेत, तसे मेमरी कितीही वाढवली तरी न सुटणारेही आहेत.

(अलार्मचे आणि पॅरामीटरचे आकडे फानुकच्या ०आय, १६आय, १८आय, २१आय या घराण्यातले आहेत. इतर कंट्रोलवर आकडे बदलतील, तर्क तोच राहील.)

आधी निदान: तीन चाचण्या

पहिली चाचणी फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. ड्रिप फीड चालू असताना मशीन अडखळायला लागलं की फीड ओव्हरराइड, म्हणजे दिलेला फीड कमी-जास्त करायचा नॉब, १०० वरून ५० टक्क्यांवर आणा. अडखळणं कमी झालं आणि तरीही ठरावीक ब्लॉक (प्रोग्रामच्या ओळी) पूर्ण व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागला, तर मशीन डेटाची वाट बघत होतं हे सिद्ध झालं. कापण्याचा वेग तुम्ही ठरवतच नव्हता, तो बहुधा केबल ठरवत होती. खात्री दुसऱ्या चाचणीने होते.

दुसरी चाचणी: त्याच प्रोग्रामचा अडखळणारा एक छोटा भाग, सुरुवातीच्या सुरक्षित ओळी आणि शेवटच्या एम३० या प्रोग्राम संपवणाऱ्या आज्ञेसह, कंट्रोलच्या मेमरीत लोड करा आणि हवेत, म्हणजे झेड वर उचलून, मेमरी मोडमध्ये चालवा. सलग चालला तर दोष पुरवठ्याचा. मेमरीतूनही तसाच अडखळला तर दोष पुरवठ्याचा नाही. कंट्रोलला ब्लॉक वाचून, पुढचा रस्ता बघून गती ठरवायला जो वेळ लागतो, तो कमी पडतोय. तिथे मेमरी वाढवण्यात पैसे घालू नका. जी०५.१ क्यू१ सारखं पुढचे ब्लॉक आधी वाचून गती सांभाळणारं फंक्शन मशीनवर आहे का, आणि पोस्ट प्रोसेसर (कॅमचा टूलपाथ मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा भाग) ते प्रोग्रामात लिहितो का, ते बघा. हे फंक्शन मशीनवर असूनही पोस्टमध्ये ती ओळच नाही, असं पुष्कळदा आढळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अलार्म क्रमांक नीट लिहून ठेवणं. ०७० म्हणजे जागा संपली. ०७२ म्हणजे प्रोग्रामांची संख्या संपली, आणि ही वेगळी मर्यादा आहे. मशीनच्या ऑप्शननुसार ६३, १२५, २०० किंवा ४०० प्रोग्राम नोंदवता येतात. त्यापलीकडे मेमरी अर्धी रिकामी असली तरी नवा प्रोग्राम घेतला जात नाही. ०८५, ०८६ आणि ०८७ हे तिन्ही केबल आणि संदेशवहनाचे. ऑपरेटरने फक्त "अलार्म आला" एवढंच सांगितलं तर निदान अंदाजावर जातं, म्हणून मशीनजवळ एक वही ठेवा.

हिशोब करून बघा

केबल किती ब्लॉक पुरवू शकते हे कागदावर दोन मिनिटांत निघतं. आरएस-२३२ वर, म्हणजे या सिरीयल केबलवर, एक अक्षर पाठवायला, ७ डेटा बिट, पॅरिटी, एक स्टार्ट आणि दोन स्टॉप धरले, तर ११ बिट लागतात. म्हणजे ९६०० बाउडला (सेकंदाला ९६०० बिट) सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं. एक्स, वाय, झेड असे तीन अक्ष असलेला साधा ब्लॉक साधारण २३ अक्षरांचा होतो. म्हणजे सेकंदाला ३८ ब्लॉक. फिनिशिंगमध्ये दोन बिंदूंतलं अंतर ०.१ मिमी असेल तर सेकंदाला ३.८ मिमी, मिनिटाला जेमतेम २३० मिमी. सुरुवातीला जो २०० ते ३०० चा आकडा स्क्रीनवर दिसत होता, तो इथून येतो. ४८०० बाउडला याच्या निम्मं, १९२०० ला दुप्पट. खरोखर २००० चा फीड हवा असेल तर सेकंदाला ३३३ ब्लॉक लागतील, म्हणजे साधारण ८४००० बाउड. जुन्या कंट्रोलचं सिरीयल पोर्ट तिथवर पोचत नाही.

आता वेळेत बघू. दोन लाख ब्लॉकचा प्रोग्राम, बिंदूंतलं सरासरी अंतर ०.२५ मिमी. टूलचा एकूण प्रवास ५० मीटर. २००० च्या फीडने तो २५ मिनिटांत व्हायला हवा, कोपऱ्यांवर गती कमी होईल ती वेगळी. ९६०० बाउडच्या केबलमधून हा प्रोग्राम नुसता पलीकडे पोचायलाच ८८ मिनिटं लागतात. एका पासमागे तासाभराहून जास्त वेळ स्पिंडल फिरतंय, कूलंट पडतोय, ऑपरेटर उभा आहे, आणि टूल कापण्यापेक्षा घासण्यात जास्त वेळ घालवतंय. थबकलेल्या जागी टूलवरचा दाब सुटतो, वाकलेलं टूल सरळ होतं आणि पृष्ठभागात किंचित घुसतं. खूण तिथेच उठते. मग ती काढायला पॉलिशिंगवाल्याचे तास जातात, आणि ते तास मशीनच्या खात्यावर कधीच दिसत नाहीत.

केबलचे दोष आधी काढा

मेमरी वाढवायची असो वा नसो, प्रोग्राम आत न्यायला काही काळ तरी केबल लागणारच. ०८६ वारंवार येत असेल तर बहुधा कंट्रोलला समोरचं यंत्र तयार असल्याचा सिग्नल मिळत नाही. २५ पिनच्या कनेक्टरमध्ये फक्त २, ३ आणि ७ या तारा वापरून जोडणी केली असेल तर ४ आणि ५ एकमेकींना, तसंच ६, ८ आणि २० एकमेकींना जोडलेल्या हव्यात. यातला एखादा सोल्डर सुटला की अलार्म येतो, हात लावला की जातो, आणि सगळे सॉफ्टवेअरला दोष देत राहतात.

०८५ म्हणजे अक्षर चुकीचं पोचलं. दोन्ही बाजूंचा बाउड, पॅरिटी, स्टॉप बिट तंतोतंत जुळतात का बघा. फानुकवर पॅरामीटर २० मध्ये चॅनेल ० असेल तर बाउड पॅरामीटर १०३ मध्ये असतो: १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. सेटिंग जुळूनही अलार्म येत असेल तर केबल मोटरच्या तारांच्या बाजूने गेली आहे का ते बघा आणि शील्डची अर्थिंग तपासा. ०८७ मध्ये कंट्रोलने थांबायला सांगूनही कॉम्प्युटर पाठवतच राहतो. तिथे कॉम्प्युटरवरचं एक्सऑन-एक्सऑफ (पाठव आणि थांब हे सांगणारे संकेत) बंद असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: मशीन आणि कॉम्प्युटर चालू असताना सिरीयल केबल काढू-घालू नका. दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्टची चिप जळते, आणि त्यानंतर बोर्ड बदलेपर्यंत मशीन केबलवरून एकही प्रोग्राम घेत नाही.

०७० साठी: पुसण्याआधी बारीक करा

मशीनच्या कागदांवर मेमरी मीटरमध्ये लिहिलेली असते, आणि त्याने नवे लोक गोंधळतात. १९५२ मध्ये एमआयटीत दाखवलेलं न्यूमेरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन पंच केलेल्या टेपवर चालत होतं. पुढे टेपवर एका इंचात १० अक्षरं, हे प्रमाण रूढ झालं आणि मेमरी टेपच्या लांबीत मोजायची पद्धत राहून गेली. एका मीटरमध्ये ३९४ च्या आसपास अक्षरं बसतात. म्हणून ६४० मीटर म्हणजे साधारण २५६ केबी, १२८० मीटर म्हणजे ५१२ केबी, ५१२० मीटर म्हणजे २ एमबी. वरचा दोन लाख ब्लॉकचा प्रोग्राम या मापाने साडेअकरा हजार मीटरच्या पुढे जातो. हा आकडा लक्षात ठेवा, मेमरी किती घ्यायची हे ठरवताना तो लागेल.

जागा वाचवण्याचं बरंच काम पोस्ट प्रोसेसरमध्ये होतं. प्रत्येक ओळीला एन क्रमांक, मध्ये मोकळ्या जागा, प्रत्येक ब्लॉकमध्ये जी०१ (सरळ रेषेत कापण्याची आज्ञा) आणि फीड पुन्हा पुन्हा, असा ब्लॉक ४३ अक्षरांचा होतो. तेच सगळं काढलं की तोच ब्लॉक २३ चा. प्रोग्राम जवळजवळ निम्मा झाला आणि ड्रिप फीडचा वेगही जवळजवळ दुप्पट झाला, एक पैसाही न खर्चता. क्रमांक फक्त टूल बदलाच्या ओळीला ठेवा, पुन्हा सुरुवात करायला तेवढे पुरतात.

याहून मोठी बचत कॅमच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे टूलपाथ खऱ्या आकारापासून किती हटू शकतो या मुभेत, आहे. रफिंगला अर्धा मिमी मटेरियल सोडतोय आणि टूलपाथचा टॉलरन्स मात्र ०.००५ ठेवलाय, हे कितीतरी ठिकाणी दिसतं. ५० मिमी त्रिज्येच्या कमानीवर ०.००५ टॉलरन्सला सरळ तुकडा सुमारे १.४ मिमी लांबीचा पडतो, ०.०५ ला तो साडेचार मिमीच्या जवळ जातो. म्हणजे ब्लॉक एक तृतीयांशाहूनही कमी, आणि फिनिशिंगला काही फरक नाही. सोडलेल्या मटेरियलच्या दहाव्या हिश्शापर्यंत टॉलरन्स सैल केला तरी मला त्यात धोका दिसत नाही. फिनिशिंगचा टॉलरन्स मात्र जागा वाचवण्यासाठी सैल करू नका. पृष्ठभागावर पैलू उठतात. तिथे कॅममध्ये कमानी ओळखून जी०२, जी०३ देण्याची सोय असेल तर ती वापरा.

०७० येऊन लोडिंग अर्धवट थांबलं असेल, तर मेमरीत त्या क्रमांकाचा अपुरा प्रोग्राम उरला आहे का हे आधी तपासा आणि उरला असेल तर पुसा. पुढच्या शिफ्टच्या माणसाला तो पूर्ण वाटू शकतो.

कार्डावरून चालवणं

मेमरी वाढवण्याआधी कंट्रोलच्या स्क्रीनशेजारी कार्डाचा स्लॉट आहे का बघा. असेल तर मोठ्या प्रोग्रामांचा प्रश्न इथेच बराचसा सुटतो. पॅरामीटर २० मध्ये ४ आणि पॅरामीटर १३८ चा सातवा बिट १ केला की डीएनसी मोडमध्ये, म्हणजे मेमरीबाहेरचा प्रोग्राम चालवायच्या मोडमध्ये, प्रोग्राम थेट कार्डावरून चालतो, केबलचा अडसर जातो. दुसरा मार्ग एम१९८: मुख्य प्रोग्राम मेमरीत छोटासा, आणि तो कार्डावरचे मोठे टूलपाथ सबप्रोग्राम म्हणून बोलावतो. टूल बदल, ऑफसेट (टूलच्या आणि जॉबच्या जागेची भरलेली मापं), स्पिंडल हे सगळं मुख्य प्रोग्रामात राहतं, त्यामुळे सेटरला काय चाललंय ते एका पानात दिसतं. सीमेन्सच्या कंट्रोलवर हेच काम एक्स्टकॉल या आज्ञेने होतं.

कार्ड स्लॉटमध्ये घट्ट बसलेलं आणि वरचं झाकण लागलेलं असायला हवं. लांब अ‍ॅडॉप्टर बाहेर डोकावत असेल तर झाकण उघडं राहतं, आत कूलंटची वाफ जाते, आणि मशीनच्या थरथराटाने संपर्क सुटला की पास अर्ध्यावर तुटतो. झाकण लागेल असा आखूड अ‍ॅडॉप्टर मिळतो, तोच घ्या.

मग मेमरी वाढवून नेमकं काय मिळतं

इथे सरळ बोलायला हवं. ५१२ केबीची २ एमबी केली म्हणून चार-साडेचार एमबीचा मोल्डचा प्रोग्राम त्यात बसत नाही. डाय-मोल्डच्या कामाला कार्ड किंवा कंट्रोलमध्ये बसणारा डेटा सर्व्हर हाच उपाय आहे. डेटा सर्व्हरमध्ये नेटवर्कवरून प्रोग्राम येतो, मशीनशेजारीच साठतो आणि तिथूनच चालतो. कापणं चालू असताना नेटवर्क पडलं तरी जॉब थांबत नाही.

वाढीव मेमरीचा खरा फायदा उत्पादनाच्या कामाला होतो, जिथे प्रोग्राम मध्यम आकाराचे पण पुष्कळ असतात. सगळे नेहमीचे जॉब मेमरीत कायम राहिले की सेटिंगच्या वेळी शोधाशोध, लोडिंग आणि "हीच शेवटची आवृत्ती का" हा प्रश्न जातो. सेटरने मशीनवर केलेली छोटी सुधारणा, समजा एका ड्रिलचा फीड, त्याच प्रोग्रामात राहते. ड्रिप फीडमध्ये ती सुधारणा कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये कुणी तरी परत करावी लागते आणि बहुतेक वेळा ती राहून जाते.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तो जास्त मोलाचा वाटतो. मॅक्रोमधले, म्हणजे व्हेरिएबल्स वापरणाऱ्या प्रोग्रामांमधले, गोटू आणि व्हाइल हे उडी मारायचे आणि पुन्हा पुन्हा फिरायचे आदेश ड्रिप फीडमध्ये चालत नाहीत, कारण आलेला ब्लॉक वापरून झाला की निघून जातो, मागे उडी मारायला जागाच नसते. प्रोग्राम मेमरीत असला की हे सगळं खुलं होतं. एकाच घराण्यातले वीस पार्ट एका मॅक्रोत मावतात, फक्त मापं बदलायची. प्रोबने (स्पर्शाने माप घेणाऱ्या साधनाने) बोअर मोजून ऑफसेट आपोआप दुरुस्त करणारे मॅक्रो, टूल तुटलं का ते तपासणारे, टूलचं आयुष्य संपलं की जोडीचं टूल उचलणारे, हे सगळे मेमरीत कायमचे ठेवावे लागतात. ज्या मशीनवर जागेअभावी ते दर वेळी पुसले जातात, तिथे प्रोबही वापरात राहत नाही. बसवलेला असतो, पण बंद. रात्रीच्या शिफ्टला मशीन माणसाशिवाय चालवायचं असेल तर या मॅक्रोंना जागा असणं ही पहिली अट आहे.

तिसरा: टूल तुटल्यावर पुन्हा सुरुवात. मेमरीतल्या प्रोग्रामात क्रमांक शोधून योग्य टूलपासून निघता येतं. ड्रिप फीडमध्ये किंवा तुकड्यांच्या प्रोग्रामात टूल लांबीची भरपाई, म्हणजे जी४३ आणि तिचा एच क्रमांक, आणि वर्क ऑफसेट पुन्हा लिहावे लागतात. घाईत जी४३ ची ओळ राहिली की टूल सरळ जॉबमध्ये जातं. आणि चौथा, छोटा पण रोजचा: एक जॉब चालू असताना बॅकग्राउंड एडिटमध्ये पुढचा प्रोग्राम भरून तपासता येतो, त्यासाठी मशीन थांबत नाही.

मेमरी बसवण्याआधी

काही कंट्रोलमध्ये वाढीव जागा आत आधीच असते आणि मशीन बनवणाऱ्याकडून ऑप्शन सुरू करून घ्यायचा असतो. काहींमध्ये बोर्डावरचं मॉड्यूल बदलावं लागतं. मशीनचा आणि कंट्रोलचा सीरियल क्रमांक देऊन हे आधी विचारून घ्या. प्रोग्रामांची संख्या वाढवणं हा वेगळा ऑप्शन असू शकतो. जागा दुप्पट झाली पण १२५ प्रोग्रामांची मर्यादा तशीच राहिली, तर ०७२ येतच राहील.

मॉड्यूल बदलताना बॅटरीवर टिकलेलं सगळं जातं: प्रोग्राम, पॅरामीटर, ऑफसेट, मॅक्रोची व्हेरिएबल्स, आणि बॉलस्क्रूच्या पिचची भरपाई. पिचची भरपाई त्या एका मशीनवर मोजून भरलेली असते, दुसऱ्या मशीनवरून उचलून आणता येत नाही. म्हणून हे सगळं स्वतंत्र फाइलमध्ये काढा आणि दोन ठिकाणी ठेवा, शिवाय ऑप्शनचे पॅरामीटर स्क्रीनचे फोटो काढूनही ठेवा. बॅटरी बदलायची झाली तर कंट्रोल चालू असतानाच बदला.

काम झाल्यावर आधी पॅरामीटर, मग पिचची भरपाई, मग ऑफसेट, मग प्रोग्राम असा क्रम ठेवा. सगळ्या अक्षांची होम पोझिशन जुन्याच जागी येते का हे व्हाइसच्या स्थिर जबड्यावर किंवा एखाद्या पक्क्या कडेवर डायल लावून तपासा, आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉकमध्ये, रॅपिड ओव्हरराइड कमी ठेवून चालवा. त्यानंतर ओव्हरराइडची चाचणी पुन्हा करा. आता ५० टक्क्यांवर वेळ साधारण दुप्पट लागायला हवा. तसं न होता वेळ तेवढाच राहिला, तर प्रोग्राम अजून केबलवरूनच येतोय. मोड आणि पॅरामीटर २० तपासा.